लिंबाखालचे उमेदवार

धाराशिव जिल्ह्यात रिकामी जागा मुबलक, पण झाडाखालची जागा रिकामी सापडणं कठीण. वनक्षेत्राच्या हिशेबात राज्यातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो. झाडं कमी आणि ऊन भरपूर, त्यामुळं जी झाडं उभी आहेत त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा. एप्रिलातल्या दुपारी कुठल्याही गावातलं एक लिंबाचं झाड घ्या. (लिंब म्हणजे कडुलिंब, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी.) खाली एक बाज असते. बाजेवर आबा असतात. बाजेखाली कुत्रं असतं. बुंध्याला म्हैस बांधलेली असते आणि म्हशीच्या आडोशाला कोंबड्या. दोन मोटारसायकली असतात, त्यातली एक चालू स्थितीत. एक मोडका कूलर असतो, तो 'दुरुस्तीला न्यायचाय' या अवस्थेत कैक उन्हाळे काढून बसलेला. मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स अंथरलेला असतो आणि कुठल्या नेत्याच्या तोंडावर बसायचं हे प्रत्येक जण आपापल्या पक्षनिष्ठेप्रमाणं ठरवतो.

सूर्य सरकतो तशी ही सगळी मंडळी सरकतात. सकाळी बाज झाडाच्या पश्चिमेला, दुपारी बुंध्याशी, संध्याकाळी पूर्वेला. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी बाजेवरून वेळ सांगता येते.

अशा या गच्च भरलेल्या जागेकडं बघून घरातलं कुणीतरी म्हणतं, "इथं काहीतरी लावायला पाहिजे. नुसतीच मोकळी पडलीय."

हे वाक्य साधारण तिघांपैकी एकाच्या तोंडी येतं. एक, नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी. दोन, पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा, ज्यानं हिंजवडीत कंपनीच्या आवारात झाडाखाली हिरवे गालिचे पाहिलेत. तीन, नवी सून, जिच्या माहेरी मोठी बाग होती आणि ती बाग लग्नानंतर दर महिन्याला थोडी थोडी वाढते आहे. आबांच्या तोंडी हे वाक्य कधीच येत नाही. त्यांच्या मते तिथं जे लावायचं ते लावून झालेलं आहे. आता फक्त कुणीतरी बाजेची सुतळी आवळायला पाहिजे.

लिंबाखाली काही येत का नाही, यावर गावात मतं पुष्कळ आहेत. 'लिंब कडू असतो, माती कडू होते' इथपासून 'त्या झाडावर काहीतरी आहे' इथपर्यंत. खरं दुखणं पाण्याचं. हलकी सर आली की तिचं बरंचसं पाणी पानांवरच अडतं आणि तिथंच वाळून जातं. अंगणात चिखल होतो, लिंबाखाली फुफाटा तसाच. पाऊस आला की गाडी झाडाखाली घेणाऱ्या प्रत्येकाला हे शास्त्र ठाऊक असतं. मोठा पाऊस झाला आणि पाणी खाली पोचलंच, तर ते प्यायला झाडाची स्वतःची मुळं हजर असतात. झाडाची बारीक, पाणी ओढणारी मुळं बहुतेक करून वरच्या फूट-दोन फूट मातीतच पसरलेली असतात, आणि फांद्यांचा घेर जिथं संपतो त्याच्याही पुढं जातात. म्हणजे रोपाला तांब्याभर पाणी घातलं की त्यातला मोठा वाटा लिंबच पिऊन मोकळा होतो. आपल्याला वाटतं, आपण रोप जगवतोय. लिंबाला वाटत असणार, माणसं चांगली आहेत, एवढा मोठा झालो तरी आठवणीनं पाणी घालतात.

त्यात आपली माती. बालाघाटाच्या माथ्यावर वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. त्या वीतभर मातीवर म्हैस, मोटारसायकल आणि माणसं अशी वर्षानुवर्षं वागल्यावर तिथं कुदळ मारली तर आधी आवाज येतो, मग ठिणगी येते आणि माती सगळ्यात शेवटी.

पुण्याचा मुलगा अशा वेळी मोबाइल काढतो. झाडाखालच्या कोरड्या सावलीत काय लावावं याची यादी त्याला लगेच सापडते, आणि ती हटकून इंग्लंडातली असते. होस्टा, हेलेबोर, सायक्लेमेन, एपिमेडियम. तो नावं मोठ्यानं वाचत असतो आणि बाजेवरून आबा विचारतात, "जेवणाआधी घ्यायच्या का जेवणानंतर?"

आता हिशेब बघा. लंडनमध्ये वर्षाला पाऊस पडतो ६०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या जिल्ह्याची सरासरी ७००च्या वर. कागदावर आपण लंडनपेक्षा ओले आहोत. हे वाक्य कलेक्टर कचेरीच्या आसपास मोठ्यानं उच्चारू नये, टँकर बंद होतील. फरक इतकाच की लंडनचा पाऊस वर्षभर बारीक बारीक हप्त्यांनी येतो. आपला येतो मुख्यतः जून ते सप्टेंबर, तोही मधे चांगला लांबलचक खंड घेऊन, आणि परतीला एखाद्या रात्रीत उरलेली सगळी थकबाकी अंगावर टाकून. पुढचे आठ महिने आभाळ कोरं. धाराशिव शहर पाणी पितं ते शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीचं. एवढ्या लांबून, एवढ्या विजेनं ओढून आणलेलं पाणी होस्टाला घालायचं म्हटलं तर होस्टालाही संकोच वाटेल.

इंग्लंडातलं सगळंच टाकाऊ आहे असं नाही. एसेक्समध्ये बेथ चॅटो नावाच्या बाई होत्या. १९७८ साली त्यांनी 'द ड्राय गार्डन' हे पुस्तक लिहिलं. पुढं गाड्या लावायच्या जुन्या जागेवर त्यांनी खडीची बाग उठवली आणि तिला वरून पाणी घालायचं नाही असा नेम पाळला. त्यांचं सूत्र सरळ होतं. जागेशी भांडत बसू नका, जागेला मानवेल तेच लावा. बाईंचं सूत्र घ्यावं आणि यादी तिकडंच ठेवावी.

मोबाइलनंतर नर्सरी. तिथं जी तकतकीत पानांची शोभेची रोपं मांडलेली असतात, त्यातली पुष्कळशी ट्रकमधून आंध्रातल्या कडियमहून येतात. कडियम हे राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात. दमट हवा, कालव्याचं पाणी. आता आपली तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे माकणीच्या धरणाला चुकवून जे थोडंफार पाणी आपल्या हातून निसटतं, ते पिऊन ही रोपं तिकडं गुबगुबीत होतात आणि आपणच ती पैसे मोजून परत आणतो. एवढ्यावर भागत नाही. इथं उतरल्या उतरल्या ती पुन्हा पाणी मागतात.

नर्सरीवाल्याशी होणारं बोलणं जिल्ह्यात सगळीकडं सारखंच.

"सावलीत येणारं काही आहे का?"

"हे घ्या की. सावलीतच येतंय."

"आणि उन्हात येणारं?"

"हेच. ह्याला कुठंबी लावा."

"पाणी कमी लागतं ना?"

"लई कमी."

"म्हणजे किती?"

"रोज."

अशा परिस्थितीत निवड करायची कशी? त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी पद्धत आहे, तेरच्या संत गोरा कुंभारांची, म्हणजे गोरोबाकाकांची. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी काकांना म्हटलं, यातली भाजलेली मडकी कुठली आणि कच्ची कुठली, जरा पारखून द्या. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. लिंबाखाली लावायच्या रोपाला हीच कसोटी लावावी. जे कुरकुरलं ते कच्चं. थापटणं हातात घ्यायची गरज नाही, ते काम मे महिना करतो.

पहिला उमेदवार लॉन. मंगल कार्यालयांनी आपल्या नावापुढं 'लॉन्स' लावायला सुरुवात केल्यापासून प्रत्येकाला ते घरी हवं आहे. लॉनला ऊन पाहिजे, पाणी पाहिजे, नियमित कापणी पाहिजे आणि त्यावर लोळायला रिकामटेकडा माणूस पाहिजे. लिंबाखाली यातली फक्त चौथी सोय होऊ शकते. लॉन श्रावणात हिरवं असतं, दिवाळीत पिवळं आणि संक्रांतीला त्याचे फोटो उरतात.

दुसरा गट मोगरा, जास्वंद आणि गुलाब. यातला गुलाब लवकर निकालात निघतो. मोगरा फसवा. तो सावलीत मरत नाही, पानं काढतो, फांद्या लांबवतो, फक्त फुलायचं टाळतो. सुनेनं त्याला शेणखत घातलं, ताक घातलं, युट्यूबवर सांगितलेलं केळीच्या सालीचं पाणी घातलं. त्याला पाहिजे होतं ऊन, आणि ते लिंबानं वरच्या वर ठेवून घेतलं होतं.

तुळशीचं नाव निघतं, पण आजीच आडव्या येतात. "तिथं नको. तिथं कुत्रं पाय वर करतंय." तुळशीला ऊन लागतं, असं वनस्पतिशास्त्रही म्हणतं. शास्त्र आणि सोवळं यांचं एकमत झाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग म्हणून नोंदवून ठेवावा.

मग येतो स्नेक प्लांट. हिरव्या तलवारी उभ्या केल्यासारखी पानं. नर्सरीवाला आवाज खाली आणून सांगतो, "रात्री ऑक्सिजन सोडतंय सर. नासानं सांगितलंय." नासाचा तो अभ्यास १९८९चा आणि बंद पेटीतल्या हवेवरचा. अख्खा लिंब डोक्यावर उभा असताना आणि बालाघाटावरून वारं सुसाटत असताना त्या चार पानांच्या ऑक्सिजनचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. पण रोप पक्कं. जाड पानांत पाण्याचा साठा, सावली मानवते, महिनाभर विसरलं तरी तक्रार नाही. उलट प्रेमानं रोज पाणी घातलं तर मुळाशी कुजतं. आपल्या घरात विसराळू माणसं जास्त आहेत का प्रेमळ, हे आधी ठरवून मगच आणावं.

पानफुटीही पक्की. पान मातीवर पडलं की त्याच्या कडेला पिल्लं फुटतात. कमी पाण्यात, अर्ध्या सावलीत तिचं छान चालतं. तिचा एकच शत्रू, मूतखडा. गल्लीत कुणालाही दुखायला लागलं की तो दवाखान्याआधी तुमच्या लिंबाखाली येतो. 'दोनच पानं घेतो' म्हणतो. मूतखड्याच्या मोसमात झाडावर दांडे तेवढे उरतात.

मनी प्लांट मात्र अर्धवट भाजलेला. खाली ओल राहिली तर बुंध्यावर झपाट्यानं चढतो, ओल आटली की मान टाकतो. तो चोरूनच आणला पाहिजे, नाहीतर पैसा येत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळं गावातल्या प्रत्येक मनी प्लांटमागं एक गुन्हा आहे आणि बहुतेक फिर्यादी हे दुसऱ्या कुठल्यातरी प्रकरणात आरोपी आहेत.

इथवर वनस्पतिशास्त्र झालं. आता शेळी.

बागकामाच्या पुस्तकांत चार अटी सांगितलेल्या असतात: ऊन, पाणी, माती आणि खत. आपल्या जिल्ह्यात पाचवी अट असते आणि निर्णायक मत तिचंच. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, पण शेळीची जात जुन्याच नावानं ओळखली जाते, उस्मानाबादी. काळीभोर, काटक, उन्हाला दाद न देणारी, पुष्कळदा जुळी करडं देणारी. ही शेळी कमी चाऱ्यावर तग धरते, असं पशुवैद्यक कौतुकानं सांगतात. तो कमी चारा म्हणजे तुमची बाग. रोप लावल्याची बातमी तिला ग्रामपंचायतीच्या आधी कळते. बाभळीचे काटे रचले तर ती आधी काट्यांतली पानं वेचून खाते, भूक खवळते, आणि मग आत येते. कडू असलं म्हणजे वाचेल हाही भ्रम. लिंबाचा पाला ती मागच्या दोन पायांवर उभी राहून खाते. बाजूला दोन करडं असतात, तीही बघून बघून शिकतात.

शेळीच्या मालकिणीकडं तक्रार नेली तर काय होतं, हे कुठल्याही गुरुजींना विचारा.

"मावशी, तुमच्या शेळीनं माझी सगळी झाडं खाल्ली."

"आगं बया! कंची वो गुर्जी?"

"लिंबाखाली लावली होती ती. शोभेची."

"शोभेचीच व्हती नव्हं? मला वाटलं कामाची व्हती."

"अहो, पण लावलेली होती ना!"

"अवो गुर्जी, कंचं लावल्यालं अन् कंचं उगवल्यालं, हे तिला वाचता येतंय व्हय?"

यावर डी.एड.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

शोभेच्या झाडांच्या याद्या करणारे तज्ज्ञ उंटावरून शेळ्या हाकतात, म्हणून त्यांना शेळी दिसत नाही. आपल्या मागच्या पिढ्यांना ती रोज दिसत होती. त्यांनी परसात आणि कुंपणाला अडुळसा लावला तो उगीच नाही. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. येते, हुंगते, एकदा घराकडं बघते आणि पुढं जाते. जनावरानं केलेला असा अपमान अडुळसा पिढ्यान् पिढ्या सुखानं सोसतो आहे. त्याला सावली चालते, पाण्याची ओढ चालते, पांढरी फुलं येतात आणि खोकल्याच्या दिवसांत पाला घरी लागतो. पावसाच्या तोंडाला फांदी खोचली की फुटते. एवढं गुणी झाड नर्सरीत सहसा पुढं केलं जात नाही, कारण ते शेजाऱ्याकडं फुकट मिळतं, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूची जाहिरात करायला नासाही येत नाही.

सीताफळालाही शेळी शिवत नाही. बालाघाटाच्या उघड्या माळावर ते न लावता येतं. ते अगदी बुंध्याशी लावू नये, फांद्यांच्या घेराच्या कडेला, जिथं अर्धा दिवस ऊन लागतं तिथं लावावं. कोरफडीचीही जागा तीच. एवढंच लक्षात ठेवावं की शेळीपासून वाचलेलं सीताफळ गल्लीतल्या पोरांपासून वाचत नाही. डोळे उघडलेलं फळ उद्या काढू म्हणणाऱ्याचं नसतं.

शेळीवर दुसरी युक्ती उंचीची. ती गुळवेलीला साधलेली आहे. लिंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम, असं जुनी माणसं म्हणतात. तिचं बोटभर जाडीचं कांडं बुंध्याशी खोचायचं आणि पहिले काही महिने वेताच्या टोपलीखाली लपवायचं. एकदा वेल शेळीच्या आवाक्याबाहेर गेली की मिटलं. खाली कुणी तोडली तरी वरून सुतळीसारखी मुळं सोडून ती पुन्हा जमीन गाठते. २०२० साली करोनाच्या काढ्यापायी गावोगावच्या लिंबांवरून लोकांनी गुळवेल ओरबाडून नेली. वेली पुन्हा आल्या, काढे बंद झाले.

मात्र या जागेचं खरं मर्म ज्यांना कळलंय त्या वनस्पती वेगळ्याच आहेत. त्या झोपाळू आहेत. येडशीच्या रामलिंगाला मे महिन्यात गेलात तर अभयारण्यात झाडांखाली काटक्या, वाळका पाला आणि तुमच्या हातातल्या पिशवीकडं बघणारी वानरं, एवढंच दिसतं. आषाढात त्याच जमिनीतून हिरवं वर येतं. उन्हाळाभर त्यातलं बरंच काही कंद होऊन, मुळी होऊन खाली पडून राहिलेलं असतं. पाणी नसताना जागं राहून हाल करून घेण्यापेक्षा झोपून जावं, हे शहाणपण त्यांनी सरकारी बैठकीत न बसता मिळवलं आहे.

त्यातली हळद घ्या. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत कधीही गड्डे पुरा. सावलीत पानं मोठी होतात, गड्डे जरा बारीक राहतात, म्हणजे बाजाराला नाही तरी घराला पुरतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागतात आणि माघापर्यंत हळद जमिनीत गुडूप. आता जागेचा हिशेब मांडा. पावसाळ्यात लिंबाखाली कुणी बसत नाही, कारण फांद्या गळत असतात. तेव्हा जागा हळदीची. उन्हाळ्यात हळद झोपलेली, तेव्हा जागा बाजेची. दोघांची गाठ पडत नाही, भांडण होत नाही, वाटणीपत्र लागत नाही. जिल्ह्यात जमिनीचे इतके दावे चालू असताना एकाच तुकड्यावर दोन वहिवाटदार सुखानं नांदल्याचं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

सुरणही याच जातीचा. एका दांड्यावर छत्रीसारखं पान उघडतं, सावली मानवते, पाऊस सरला की मिटून जातो. घशाला खाजतो, म्हणून मान राखून शिजवावा लागतो. त्याचा जुना कंद जमिनीत विसरला तर मात्र पावसाच्या तोंडाला त्याला फूल येतं. फूल मोठं, जांभळं आणि अचाट दिसतं, पण वास कुजक्या मांसाचा. माश्या आणि किडे बोलवायची ती त्याची तऱ्हा. घरात सगळे कपाटाखाली मेलेला उंदीर शोधत राहतात आणि फूल बाहेर लिंबाखाली डौलात उभं असतं. व्याही यायचे असतील तर कंद वेळेत उकरावा.

शतावरीनं तर दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. वर बारीक, मऊ पानांचा काटेरी वेल, खाली पांढऱ्या मांसल मुळ्यांचा घोस. उन्हाळ्यात वरचं वाळलं तरी खालच्या साठ्यावर ती पावसाची वाट बघते. अशी शिल्लक ठेवून वागणारं रोप बँकेनं कर्ज द्यायला हरकत नाही असं.

रोपं निवडून झाली तरी लिंबाखालची माती तशीच दगड राहते, आणि त्याला जबाबदार आपला खराटा. लिंब माघ-फाल्गुनात पान गाळतो. त्या काही आठवड्यांत खालच्या सावलीतल्या झाडांवर भर उन्हाचे दिवस येतात आणि ती भाजतात. नेमक्या त्याच वेळी झाड स्वतःच्या हातानं जमिनीवर पांघरूण टाकत असतं. ते पांघरूण आपण सकाळी उठून लख्ख झाडतो, ढीग करतो आणि काडी लावतो. धूर घरात येतो, आजी खोकतात, अडुळशाचा पाला आणायला कुणीतरी शेजारी पळतं. मग मे महिन्यात गुरुजी म्हणतात, "इथली माती पाणीच धरत नाही." पाण्याला धरून ठेवणारी वस्तू फाल्गुनातच धूर होऊन गेलेली असते. पाला राहू दिला तर खालची ओल टिकते, तो कुजून माती भुसभुशीत होते आणि खताचं पोतं वाचतं. एवढंच होतं की शेजारीण म्हणते, "ह्यांच्याकडं झाडलोट होत नाही वाटतं." पर्यावरणासाठी आपल्याकडं मोजावी लागणारी सगळ्यात मोठी किंमत हीच आहे.

खराट्याच्या पुढची पायरी सिमेंट. कुठलाही निधी शिल्लक राहिला की तो झाडाच्या बुंध्याशी जाऊन गोठतो. ओटा होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, फरशी पार सालीला टेकते. मुळांना हवा आणि पाणी मिळायला बुंध्याभोवती उघडी माती लागते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं, ते याचसाठी. आपल्याकडं ओट्याबरोबर एक पाटीही येते, त्यावर 'सौजन्य' आणि पाच-सहा नावं. ऊन, सावली, दुष्काळ, शेळी, कशालाच न जुमानता टिकणारी झाडाखालची वस्तू शोधत असाल तर ती हीच. काकांनी कितीही थापटणी मारली तरी ही पाटी कुरकुरणार नाही.

पाण्याचं उत्तरही काकांच्याच धंद्यात सापडतं. मातीचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, पाण्यानं भरायचा आणि वर झाकण ठेवायचं, नाहीतर डासांची शाळा भरते. माती वाळेल तसं पाणी माठाच्या अंगातून झिरपतं. रोपं त्याच्या भोवती लावायची. लिंबाची मुळं माठ शोधून काढणारच, तो त्यांचा मान आहे. तरी वरून ओतलेल्या बादलीपेक्षा रोपाच्या वाट्याला यातलं जास्त येतं. खड्डा घेताना मोठं मूळ लागलं तर कुऱ्हाड न आणता खड्डा हातभर सरकवावा. लिंब तिथं आपल्या आधीपासून आहे, आणि बहात्तरच्या दुष्काळात ज्यानं गुरांना पाला आणि माणसांना सावली दिली तो कदाचित हाच असेल.

तेव्हा यंदा एवढं करा. फाल्गुनातला पाला पेटवू नका. मृगाचा पाऊस झाला की अडुळशाची फांदी, गुळवेलीचं कांडं, हळदीचे चार गड्डे आणि मिळालं तर शतावरीचं रोप लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला, तिसऱ्या उन्हाळ्यात जे उभं असेल ते तुमचं. यातलं निम्मं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं मागून मिळतं, त्यामुळं मोठा खर्च म्हणाल तर माठाचा. तो साधा, भाजलेला पण बिनरंगी घ्या. बाजारात हल्ली नक्षी काढलेले, ऑइल पेंट मारलेले माठ दिसतात, ते दिसायला छान असतात, पण रंगानं छिद्रं बुजतात आणि पाणी बाहेर येत नाही.